पटावरचं मूल, पाटावरचं मूल

(मंडळाच्या श्रावण मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला, 'तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिक्षण'. आम्ही शिक्षक नाही, बालमानसशास्त्राचे अभ्यासक तर नाहीच नाही. स्थापत्यातली पदविका घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत लागलेले आम्ही. आपल्या बडोद्याच्या जुन्या भाषेत ओव्हरसियर. मात्र इतक्या वर्षांत आमच्या टेपखालून ज्या इमारती गेल्या, त्यांत अंगणवाडीच्या खोल्या पुष्कळ आहेत. म्हणून हा विषय आम्हाला पुस्तकातून नव्हे, तर जोत्यापासून माहीत आहे. त्या भरवशावर चार शब्द बोलतो.

जे सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. मूल पटावर येणं आणि मूल पाटावर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पटावर येणं म्हणजे वहीत नाव चढणं. पाटावर येणं म्हणजे त्या मुलाने रोज येऊन बसणं, कुणीतरी त्याच्याशी बोलणं, त्याच्यापुढे खायला आणि खेळायला काहीतरी ठेवलं जाणं. आपल्या देशाने पहिलं काम बऱ्यापैकी केलं आहे. दुसरं व्हायचं आहे, आणि त्यात आपल्यासारख्या मंडळाला करण्याजोगं काम आहे.

आधी आकडे पाहू. 'प्रथम' ही संस्था ग्रामीण भागात 'असर' नावाची पाहणी करते. तिचा 2024 चा अहवाल सांगतो की ग्रामीण भारतातल्या तीन वर्षांच्या 100 मुलांपैकी 77 मुलं अंगणवाडी, बालवाडी, केजी अशा कुठल्या ना कुठल्या ठिकाणी दाखल आहेत. 2018 मध्ये हा आकडा 68 होता. चार वर्षांच्या मुलांत तो 76 वरून 83 वर गेला. पाच वर्षांच्या मुलांत साडेअठ्ठावन्नवरून 71 च्या पुढे गेला. गुजरात आणि महाराष्ट्र या आपल्या दोन्ही घरांत तर तीन वर्षांची जवळजवळ सगळी मुलं दाखल आहेत. मधे करोनाची दोन वर्षं गेली, तरीही ही वाढ झाली. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

आता दुसरा आकडा ऐका. केंद्र सरकारची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी 2019 ते 2021 मध्ये झाली. ती म्हणते, पाच वर्षांच्या 100 मुलांपैकी जेमतेम 14 मुलं पूर्वप्राथमिक शाळेत गेली. एकाच देशात थोड्या वर्षांच्या अंतराने दोन पाहण्या होतात. एक 14 म्हणते, दुसरी 71. खोटं कोण बोलतं? कुणीच नाही. ओव्हरसियरला हे चांगलं कळतं. टेप कुठून धरली यावर लांबी ठरते. 'शाळेत जातं का' असं विचारलं तर अंगणवाडीत जाणाऱ्या मुलाची आई 'नाही' म्हणू शकते. तिच्या लेखी अंगणवाडी म्हणजे खाऊची आणि लसीची जागा. 'कुठेतरी नाव आहे का' असं विचारलं तर तीच आई 'हो' म्हणते. आणि जे मूल पाचव्या वर्षीच पहिलीत बसवलं, ते पूर्वप्राथमिकच्या मोजणीतून निसटतं.

सरकारच्या घरातही दोन वह्या आहेत. शाळांना जोडलेले केजीचे वर्ग शिक्षण खातं मोजतं. अंगणवाड्या महिला व बालविकास खातं मोजतं. त्यासाठी 2021 पासून 'पोषण ट्रॅकर' नावाचं ॲप सेविकांच्या हातात आहे. त्यामुळे असं होतं की एका मुलाचं नाव पोषणासाठी अंगणवाडीत असतं आणि तेच मूल सकाळी खाजगी केजीच्या रिक्षात बसतं. ते दोन पटांवर. दुसरं एक मूल कुठल्याच पटावर नसतं. दोघांची सरासरी काढली तर आकडा झकास येतो, पण त्या दुसऱ्या मुलाला त्या सरासरीचा काय उपयोग?

आता थोडं मागे जाऊ. मुलांना शाळेत आणण्याची धडपड बडोद्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांनी त्या शाळांत धुळाक्षरं गिरवली आणि पुढे संस्थानच्या नोकरीत कारकुनी केली. आपण इथे टिकलो त्यात त्या शाळांचा वाटा मोठा आहे. पण ती सक्ती प्राथमिक शाळेच्या वयाची होती. त्याआधीचं मूल घरचं: आईचं, आजीचं, थोरल्या बहिणीचं. गोम इथेच आहे. धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहिली की थोरलीची शाळा बुडते. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची सोय न केल्याची किंमत नऊ वर्षांची मुलगी भरते. हे तेव्हाही होतं आणि आजही आहे.

हा गुंता ज्यांनी हातात घेतला, ती माणसं गुजरात आणि महाराष्ट्र दोघांची आहेत. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून 1920 मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेचं बालमंदिर सुरू केलं. लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणत. 1923 मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मराठी बाई आणि गुजराती वकील यांनी मिळून या देशाला सांगितलं की लहान मुलाला छडी नको, गाणं द्या. पाठांतर नको, हाताला काम द्या. आपण दोन भाषांत राहणारी माणसं; या जोडीचा अभिमान आपल्याइतका कुणाला वाटावा?

पुढे ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि 1945 मध्ये तिथे बालवाडी सुरू झाली. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. तिथे एक अडचण आली. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती दलित वस्तीतली मुलं तिथवर येईनात. तेव्हा बायांनी काय केलं? मुलं येत नाहीत असा अहवाल लिहून त्या थांबल्या नाहीत. बालवाडीच उचलून वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दात 'अंगण' आहे ते यासाठी. नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झालं. ती मुलं गुरं राखायला कुरणात जायची, म्हणून शाळाच कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. धाकट्यांचं पाळणाघर, मधल्यांची बालवाडी आणि थोरल्यांची शाळा एकाच आवारात आणली, तिचं नाव विकासवाडी. म्हणजे थोरलीने धाकट्याला कडेवर घेऊन यावं, त्याला पाळणाघरात ठेवावं आणि स्वतः वर्गात बसावं. मघाशी सांगितलेल्या गुंत्याची ही उकल.

मग सरकारने ही कल्पना देशभर नेली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 ठिकाणी सुरू झाली. गुजरातमधलं पहिलं ठिकाण कोणतं, तर छोटाउदेपूर. तेव्हा आपल्याच बडोदा जिल्ह्यातलं, इथून शंभरेक किलोमीटरवरचं. 2 ऑक्टोबर 2025 रोजी या योजनेला 50 वर्षं पूर्ण झाली. 33 प्रकल्पांपासून सुरू झालेल्या योजनेत आज देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत आणि एकट्या गुजरातेत सुमारे 53 हजार. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या उपचारांसाठी पाठवणं, आयांना आहार-आरोग्याची माहिती आणि शाळेआधीचं शिक्षण, अशा सहा सेवा एकाच खोलीतून द्यायच्या.

या सहांमध्ये शिक्षणाचा नंबर बहुधा शेवटी लागतो. याला कायद्याचंही एक कारण आहे. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहाच्या आतल्या मुलांसाठी मात्र घटनेच्या 45 व्या कलमात, राज्याने त्यांच्या संगोपनासाठी आणि शिक्षणासाठी प्रयत्न करावा, एवढंच ठेवलं. 'हक्क' आणि 'प्रयत्न' या दोन शब्दांत किती अंतर असतं, ते सरकारी नोकराला वेगळं सांगावं लागत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एक टप्पा मानला आणि 2030 पर्यंत प्रत्येक मुलाला शाळेआधीचं शिक्षण मिळावं असं ठरवलं.

आता त्या खोलीत जाऊ. अंगणवाडीची इमारत सुमारे 600 चौरस फुटांची असावी असा दंडक आहे. त्यात मुलांना बसायची खोली, स्वयंपाकघर, कोठार, मुलांना वापरता येईल असं स्वच्छतागृह आणि बाहेर खेळायला जागा. नवी 'नंदघरं' बांधली जातात ती बरी असतात. पण शहरात जागा कुठली? गल्लीतली भाड्याची एक खोली, तिच्यातच तांदळाची गोणी, तिच्यातच वजनकाटा आणि तिच्यातच मुलं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की स्कूटर. आम्ही टेप धरून अशा खोलीत उभं राहतो तेव्हा पहिली नजर पायरीवर जाते. मोठ्या माणसाची पायरी सहा-सात इंचांची. तीन वर्षांच्या मुलाला ती चढताना हात टेकावा लागतो. मध्ये चार इंचांची एक टप्पी घातली की ते स्वतः चढतं. नळाची तोटी त्याच्या हाताच्या उंचीवर आणली की ते स्वतः हात धुतं. खर्च किती? एका दुपारचं गवंडीकाम. पण जे मूल स्वतः चढून आत येतं आणि स्वतः हात धुऊन बसतं, त्याचं त्या दिवसाचं अर्धं शिक्षण तिथेच होतं.

खोलीतली माणसं दोन. महाराष्ट्रात त्यांना सेविका आणि मदतनीस म्हणतात. आपल्या गुजरातेत सेविकेला 'कार्यकर' म्हणतात, आणि मदतनिसाला एक फार सुंदर शब्द आहे: 'तेडागर'. 'तेडवुं' म्हणजे मुलाला कडेवर उचलून घेणं, बोलावून आणणं. घरोघर जाऊन मुलांना घेऊन येणारी बाई म्हणजे तेडागर. ज्याने हा हुद्दा ठरवला त्याला ताराबाईंचं म्हणणं बरोबर समजलं होतं: मूल आपोआप येत नाही, त्याला कुणीतरी आणावं लागतं. पटावर नाव चढवायला पेन पुरतं, पाटावर आणायला तेडागर लागते.

आणि या दोघींची दिनचर्या पाहा. सकाळी खोली झाडायची, मुलं गोळा करायची, नाश्ता-जेवण करायचं, वजन-उंची घ्यायची, ॲपमध्ये भरायची, गरोदर बायकांच्या भेटी, लसीकरणाचा दिवस, वर निवडणुकीची किंवा सर्वेक्षणाची कामं. खोलीत तीन, चार आणि पाच वर्षांची मुलं एकत्र. यांना जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. 2018 मध्ये केंद्राने ते सेविकेसाठी महिना 4,500 आणि मदतनिसासाठी 2,250 रुपये केलं. त्यात राज्यं आपापली भर घालतात. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायलासुद्धा 2022 पर्यंत थांबावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल आपल्या गुजरातमधल्याच सेविकांच्या प्रकरणात लागला. अशा परिस्थितीत गाणी, गोष्टी, खेळ, गप्पा यांना दिवसात किती मिनिटं उरत असतील, याचा अंदाज आपण करू शकतो.

याचा परिणाम पुढे दिसतो. आज ग्रामीण भारतात सहा ते चौदा वर्षांची शंभरातली 98 मुलं शाळेच्या पटावर आहेत. पण 'असर'च्याच 2024 च्या पाहणीत तिसरीतल्या 100 मुलांपैकी फक्त 27 मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. याचं सगळं खापर बालवाडीवर फोडू नये. कारणं बरीच आहेत. पण ज्या मुलाने पहिलीत येण्याआधी चार गोष्टी ऐकल्या नाहीत, चिंचोके मोजले नाहीत, लहान-मोठं, आत-बाहेर, काल-उद्या या शब्दांशी खेळलं नाही, त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी अक्षरं ठेवली तर ती त्याला लागणार कशी? पाया न भरता भिंत उचलल्यासारखं ते. भिंत उभी राहतेही, पण तडा तिसरीत दिसतो.

इथवर दुसऱ्यांच्या मुलांबद्दल बोललो. आता आपल्या घरात येऊ.

आपल्या घरातलं मूल पटावर नाही असं होत नाही. आपला आजार उलटा आहे. दूध सुटतं न सुटतं तोच प्लेग्रुप, अडीचला नर्सरी, पाचला पहिली. 'शेजारच्यांचा घातला, आपला मागे राहील' ही धास्ती. गुजरात सरकारने 2023-24 पासून नियम केला की 1 जूनला सहा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत प्रवेश नाही, आणि पाच पूर्ण झालेल्यांसाठी सरकारी प्राथमिक शाळांतून 'बालवाटिका' सुरू केली. तेव्हा किती घरांत आरडाओरडा झाला हे आठवत असेल. काही पालक उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने 2023 मध्ये त्यांचे अर्ज फेटाळले, आणि तीन वर्षं पूर्ण होण्याआधी मुलाला पूर्वप्राथमिकला घालणं हेच नियमाविरुद्ध आहे, असं पालकांना सुनावलं. देशभरात हे हळूहळू बदलतं आहे. ग्रामीण शाळांच्या पहिलीत पाच किंवा त्याहून कमी वयाची मुलं 2018 मध्ये शंभरात 25 च्या वर होती. 2024 मध्ये ती 17 च्या आत आली. ही घट चांगली आहे. या तक्त्यात आकडा उतरला की पेढे वाटावेत.

मूल वर्षभर उशिरा पहिलीत गेलं तर मागे पडत नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या बोटांना चार रेघांच्या वहीत कर्सिव्ह काढायला लावलं तर मात्र ते अक्षरावर रुसतं. त्या बोटांना कणीक द्या, शेंगा सोलायला द्या, गौरी-गणपतीच्या दिवसांत दुर्वांची जुडी बांधायला द्या. पेन्सिल धरायची तयारी तिथेच होते. आपल्या विद्यापीठाच्या पूर्वीच्या गृहविज्ञान शाखेत 'चेतन बालवाडी' आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांची मुलं अशा खेळकर बालवाड्यांतून गेली आणि पुढे डॉक्टर-इंजिनियरही झाली. त्यांचं काय अडलं?

भाषेचंही असंच आहे. आपलं मूल घरात मराठी ऐकतं, गल्लीत गुजराती आणि नर्सरीत इंग्रजी. तिन्ही भाषा त्याला येतील, त्याची काळजी नको. आपल्याला आल्याच ना? पण विचार करायला, रडायला आणि भांडायला त्याला एक भाषा आधी पक्की लागते. राष्ट्रीय शिक्षण धोरणही लहान वयात घरच्या भाषेवर भर देतं. नर्सरीच्या बाईंनी 'घरी इंग्रजीत बोला' सांगितलं म्हणून आजीने 'नातवा, कम हिअर' म्हणायला सुरुवात केली, की नातवाचं इंग्रजी सुधारत नाही, आजीची गोष्ट मात्र बंद पडते. आणि बडोद्यातल्या मराठी घरांत पाच-सहा पिढ्या मराठी टिकली ती शाळांनी जेवढी टिकवली, त्याहून जास्त अशा गोष्टींनी टिकवली.

आता शेवटचा मुद्दा. आज इथे उभं राहण्याचं खरं कारण हाच आहे.

मघाशी म्हटलं की एक मूल एकाही पटावर नसतं. ते मूल आपल्याला रोज दिसतं. सकाळी कडियानाक्यावर जा. दाहोद, छोटाउदेपूरकडून आलेली कुटुंबं उभी असतात. बाई डोक्यावर घमेलं घेते, बाप सळई वाकवतो आणि तीन वर्षांचं मूल वाळूच्या ढिगाऱ्यावर बसलेलं असतं. आपल्यापैकी कुणाचा बंगला रिडेव्हलपमेंटला गेलाय, कुणाच्या सोसायटीला नवा मजला चढतोय. तो ढिगारा आपलाच आहे. गावच्या अंगणवाडीच्या वहीत त्या मुलाचं नाव असेलही. पट तिथे, मूल इथे. ज्या छोटाउदेपुरात पन्नास वर्षांपूर्वी गुजरातची पहिली अंगणवाडी उघडली, तिथलं मूल आपल्या दारात वाळूत बसलेलं आहे.

कायदा आहे का? आहे. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात लिहिलं होतं की जिथे पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील, तिथे मुलांसाठी पाळणाघर हवं. आपल्या सोसायट्यांच्या कामांवर बायका असतात पाच, सात, दहा. म्हणजे कायदा मोडला न जाताही मूल वाळूतच राहतं. जिथे कायद्याचा हात पोचत नाही तिथे शेजाऱ्याचा पोचला पाहिजे.

म्हणून आम्ही आणि आमच्याबरोबर मंडळाचे चार-पाच तरुण सभासद मिळून कार्यकारिणीपुढे तीन गोष्टी ठेवत आहोत.

पहिली गोष्ट सभागृहाची. आपलं सभागृह गणपतीत, नवरात्रात आणि लग्नसराईत भरलेलं असतं. बाकीच्या दिवशी सकाळी नऊ ते एक त्याला कुलूप असतं. शहराच्या बालविकास कार्यालयाला आपण लेखी कळवू या की जवळची जी अंगणवाडी भाड्याच्या अडचणीच्या खोलीत भरते, तिला या वेळात आमचं सभागृह मोकळं आहे. भाडं नको. फक्त बांधकामावरच्या मुलांनाही तिथे बसू द्यावं. भिंती खराब होतील, असं एक काका आत्ताच कुजबुजले. होतील. खालचे तीन फूट काळा रंग मारू आणि खडू देऊ. मग ती खराब होणारी भिंत राहणार नाही, पाटी होईल. दोन पायऱ्यांना टप्पी आणि एक खालचा नळ हे काम आम्ही आमच्या देखरेखीखाली करून देऊ. सिमेंटची एक गोणी मंडळाने द्यावी, मजुरी आमची.

दुसरी गोष्ट आज्यांची. मंडळात पन्नाशीपुढच्या महिला सभासद किती आहेत, ते हळदीकुंकवाच्या दिवशी कळतं. त्यांतल्या दोघींनी आठवड्यातून दोन सकाळी येऊन एक गोष्ट सांगावी. कोणत्या भाषेत? जी भाषा मुलाला कळेल तिच्यात. गुजराती आपल्या सगळ्यांना येते. एखादं राठवा मूल असेल तर त्याच्या आईकडून त्यांच्या बोलीतले चार शब्द शिकून घ्यावेत. आणि आपल्या घरातल्या छोट्यांनाही तिथेच आणावं, त्याच सतरंजीवर बसवावं. 'त्या मुलांबरोबर?' असा प्रश्न मनात येईल. ज्या वस्तीच्या अंगणात ताराबाई गेल्या, तिथे जाण्याबद्दल त्यांनाही हाच प्रश्न विचारला गेला असणार. त्यांनी वाद घातला नाही, जाऊन बसल्या.

तिसरी गोष्ट प्रत्येक घराची आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. ज्याच्या घरी किंवा सोसायटीत बांधकाम चालू असेल, त्याने ठेकेदाराला विचारावं: कामावर मुलं किती, कुठल्या गावची? आणि तेवढी माहिती जवळच्या अंगणवाडीच्या सेविकेला द्यावी. पोषण ट्रॅकरवर गावचं नाव शहरात वळवण्याची सोय आहे. तसं झालं की त्या मुलाचा आहार आणि लस इथे सुरू होऊ शकते. एवढं करायला समाजसेवक असावं लागत नाही. एका फेरीपुरतं तेडागर व्हावं लागतं, बस.

यातली एकही गोष्ट मोठी नाही. यामुळे देशाच्या आकड्यात एका दशांशाचाही फरक पडणार नाही. पण दर जूनमध्ये शाळाप्रवेशोत्सवात ढोल वाजतात, पाहुणे येतात, मुलांना कुंकू लावून आत नेतात. त्यानंतर सोमवारी काय होतं, मंगळवारी काय होतं, त्यावर सगळं ठरतं. ते सोमवार-मंगळवार सरकारच्या एकट्याच्या ताकदीचे नाहीत. हे आम्ही सरकारी नोकर म्हणून सांगतो, तक्रार म्हणून नाही.

पंधरा दिवसांवर गणपती आले आहेत. आपण बाप्पाला पाटावर बसवू, दोन वेळा आरती करू, नैवेद्य दाखवू, दहा दिवस त्याच्याशी बोलू. नुसतं वर्गणीच्या यादीत त्याचं नाव घालून आपलं समाधान होत नाही. त्याला आणावं लागतं, बसवावं लागतं, त्याच्यापुढे पान वाढावं लागतं. बाप्पा गेल्यावर सभागृहातला पाट रिकामा होईल. कार्यकारिणीला आमची विनंती आहे की विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी या तीन गोष्टींवर बैठक ठेवावी आणि त्या सोमवारी सकाळी नऊला सभागृहाचं कुलूप उघडावं. किल्ली घ्यायला आम्ही येऊ.

गणपती बाप्पा मोरया!